सांत्वनाची विद्या

एखाद्या घरीं मृत्यु घडला म्हणजे पहिले तेरा दिवस त्या घराचें दार बंद होत नाहीं. आप्तेष्ट येतात, शेजारीपाजारी डबे पाठवितात, कचेरींतील सोबती घटकाभर बसून जातात. चौदाव्या दिवशीं घर एकाएकीं रितें होतें आणि दुःखाचा खरा काळ तेथून सुरू होतो. माणसें निष्ठुर असतात म्हणून हें घडतें असें नाहीं. ज्याला त्याला आपला संसार असतो, आणि भेटीस गेल्यावर बोलावें काय, हा संकोचहि असतो. अशा वेळीं दर आठवड्याला एका माणसानें ठरल्याप्रमाणें यावें, शेजारीं बसावें, थोडें बोलावें व पुष्कळ ऐकावें, ऐकलेलें आपल्यापाशींच ठेवावें, आणि हें सर्व वेतनाची अपेक्षा न धरतां करावें, अशी योजना एखाद्या समाजाला करतां येईल काय? आणि असा माणूस शिकवून तयार करतां येतो काय?

ह्या दोन प्रश्नांना इ. स. १९७५ मध्यें अमेरिकेंतील सेंट लुइस शहरीं एक उत्तर मिळालें. केनेथ हाउक हे तेथील एक ल्यूथरपंथी पाळक. धर्मोपदेशाबरोबरच मानसोपचाराच्या शास्त्राचेंहि शिक्षण त्यांनीं घेतलेलें होतें. एका उपासनामंदिराशीं बांधल्या गेलेल्या भाविकांच्या समुदायाला मराठी ख्रिस्ती बांधव 'मंडळी' म्हणतात. आपल्या मंडळींतील आजारी, शोकग्रस्त व एकाकी माणसांची गरज एकट्या पाळकाच्या आटोक्याबाहेर आहे, हें ओळखून हाउक ह्यांनीं नऊ सामान्य सभासदांना शिकवून तयार केलें आणि दुःखितांच्या सोबतीस पाठविलें. ह्या सेवेला त्यांनीं स्तेफन ह्या पहिल्या शतकांतील सेवकाचें नांव दिलें; 'स्टीफन मिनिस्ट्री' ह्या नांवानें ती आज ओळखली जाते. तें नांव केवळ शोभेसाठीं घेतलेलें नव्हतें. ज्या अडचणीशीं सेंट लुइसचा हा पाळक झगडत होता, ती ख्रिस्ती मंडळीच्या मागें तिच्या जन्मकाळापासून लागलेली आहे; आणि तिचा इतिहास पाहिल्यावांचून त्या नऊ जणांच्या शिक्षणाचें मर्म ध्यानांत येत नाहीं.

ती अडचण प्रथम उद्भवली यरुशलेम नगरांत. 'प्रेषितांचीं कृत्यें' ह्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायांत तिची हकीकत आहे. नव्या धर्माचे अनुयायी वाढत चालले होते. त्यांत कांहीं हिब्रू वळणाचे होते, तर कांहीं ग्रीक भाषा बोलणारे. गरजूंना रोजच्या रोज जें अन्न वांटलें जाई, त्यांत आपल्या विधवांची उपेक्षा होते, अशी ग्रीकभाषिकांनीं तक्रार केली. प्रेषितांनीं तक्रार नाकारली नाहीं, आणि वाढपाचें काम आपल्या शिरावर घेतलेंहि नाहीं. ज्यांची लोकांत चांगली साक्ष आहे असे सात पुरुष तुम्हींच निवडा, असें त्यांनीं सर्वांना सांगितलें. निवडलेल्या सातांचीं नांवें ग्रंथांत दिलेलीं आहेत आणि तीं सातहि नांवें ग्रीक आहेत. ज्या गटाची तक्रार होती, त्याच गटांतील माणसांवर विश्वास टाकण्यांत आला, असें ह्यावरून दिसतें. सातांतला पहिला स्तेफन. पुढें त्याला दगडमार करून ठार करण्यांत आलें आणि ख्रिस्ती परंपरेंत तो आद्य हुतात्मा ठरला.

ह्या छोट्या प्रसंगांत तीन प्रश्न गुंतलेले आहेत. दुःखिताकडे कोणीं जावें, जाणाऱ्याची पात्रता कोणती, आणि त्याच्यावर देखरेख कोणाची? यरुशलेमांत तिन्हींचीं उत्तरें मिळालीं: जावें समाजानें निवडलेल्या सामान्य माणसानें, पात्रता लोकांनीं पारखलेली असावी, आणि प्रेषितांनीं मस्तकावर हात ठेवून त्याला पाठवावें, म्हणजे तो उत्तरदायी राहील. पुढील कित्येक शतकांचा इतिहास म्हणजे ह्या तीन उत्तरांपैकीं कोणतें ना कोणतें विसरलें जाण्याचा व पुन्हा आठवण्याचा इतिहास होय.

प्रारंभींच्या शतकांत ही सेवा घरोघर पोंचली होती. तिसऱ्या शतकांतील सिरियांत लिहिलेल्या एका धर्मनियमग्रंथांत सेविका नेमण्याची आज्ञा आहे. ज्या घरांत पुरुष सेवकाला पाठविणें लोकापवादाचें होईल, तेथील आजारी स्त्रियांकडे सेविकेनें जावें व त्यांची शुश्रूषा करावी, असा तिचा भाव आहे. दुःखिताच्या घरीं जाणाऱ्यानें त्या घराची मर्यादा ओळखली पाहिजे, ही जाणीव इतकी जुनी आहे.

ह्याच्या उलट उदाहरण मिसर देशांतील अलेक्झांड्रिया नगराचें. तेथें रुग्णांची शुश्रूषा करणारा एक वर्ग होता. त्याला 'पॅराबलानी' असें म्हणत. संसर्गाचें भय सोडून रोग्याजवळ जाणारीं हीं माणसें; त्यांचें काम पुण्याचें खरें. परंतु त्यांची संख्या वाढली, बिशपाच्या शब्दावर चालणारें एक दलच त्यांतून उभें राहिलें, आणि नगरवासीयांना त्यांची दहशत वाटूं लागली. इ. स. ४१६ मध्यें रोमन बादशाही कायद्यानें त्यांची संख्या ५०० वर मर्यादित करण्यांत आली व सार्वजनिक खेळ, नगरसभा आणि न्यायालयें येथें जाण्यास त्यांना मनाई झाली. दोनच वर्षांनीं ही मर्यादा ६०० करावी लागली. आजाऱ्याची सेवा करणाराला समाजांत एक प्रकारची सत्ता प्राप्त होते. ती सत्ता कोणापुढें उत्तरदायी आहे, हें ठरलेलें नसेल तर सेवकाचा दांडगा होण्यास वेळ लागत नाहीं.

मध्ययुगांत शुश्रूषेचें काम मठांकडे व संन्यस्तांकडे गेलें आणि सामान्य गृहस्थाचा हात त्यांत गौण ठरला. सोळाव्या शतकांत मार्टिन ल्यूथर ह्यानें ह्या समजुतीला धक्का दिला. बाप्तिस्मा झालेला प्रत्येक मनुष्य तत्त्वतः याजकच आहे, हा विचार त्यानें १५२० सालीं मांडला. आणि १५३७ च्या एका मतपत्रिकेंत, देवाची कृपा माणसाला ज्या मार्गांनीं मिळते त्यांमध्यें बांधवांनीं परस्परांशीं केलेलें संभाषण व सांत्वन ह्याचीहि गणना केली. हा विचार क्रांतिकारक होता. शेजारच्या चांभाराचा किंवा सुताराचा धीराचा शब्द हा प्रवचनाच्या पंक्तीस बसला. तथापि तो शब्द उच्चारावयास चांभाराला शिकवावें कोणीं, हें काम तसेंच राहिलें.

पहिली पक्की व्यवस्था दिसते ती फ्रान्समधील शातियों नांवाच्या गांवीं, आणि तीहि ल्यूथरच्या विरुद्ध पक्षांत. इ. स. १६१७ मध्यें विन्सेंट द पॉल हे तेथें रोमन कॅथलिक धर्मगुरु होते. गांवाबाहेरच्या एका घरीं सारींच माणसें आजारी पडलीं आहेत, असें कळल्यावर त्यांनीं प्रवचनांत त्यांची कींव भाकली. दुपारीं पाहतात तों गांवच्या बायांची रीघ त्या घराकडे लागलेली! अन्न इतकें जमलें कीं तें त्या दिवशीं संपणें शक्य नव्हतें, आणि उद्यांची शाश्वती नव्हती. करुणा पुष्कळ आहे, पण तिची मांडणी नाहीं, हें विन्सेंट ह्यांनीं तत्काळ ओळखलें. त्यांनीं स्त्रियांचें मंडळ स्थापलें, पाळ्या ठरविल्या आणि नियम लिहून काढले.

ते नियम आजहि वाचण्यासारखे आहेत. रोग्याकडे प्रसन्न मुद्रेनें जावें, त्याच्यापुढें जेवण नीट मांडावें, प्रेमळपणें त्याला खावयास लावावें, असें बारीकसारीक सांगितल्यावर एक सूचना येते: ज्यांच्याजवळ कोणी आहे अशा रोग्यांपासून फेरीला आरंभ करावा आणि जे अगदीं एकटे आहेत त्यांच्याकडे शेवटीं जावें, म्हणजे त्यांच्यापाशीं अधिक वेळ बसतां येईल. अन्न पोंचविणें हें अर्धें काम असून बसणें हें उरलेलें अर्धें काम आहे, हें त्या नियमाच्या कर्त्यानें जाणलें होतें. पुढें १६३३ मध्यें लुईझ द मारियाक ह्या विधवेच्या साह्यानें त्यांनीं सेविकांचा प्रसिद्ध संघ स्थापन केला.

इंग्लंडांत हाच शोध एका कर्जाच्या निमित्तानें लागला. मेथॉडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली ह्यांच्या ब्रिस्टल येथील सभागृहावर कर्ज झालें होतें. तें फेडण्याचा विचार करण्यासाठीं १७४२ च्या फेब्रुवारींत बैठक भरली. प्रत्येकानें आठवड्याला एक पेनी द्यावी, असें ठरलें. पण पुष्कळांना तेवढेंहि जमणार नव्हतें. तेव्हां फॉय नांवाचा एक कप्तान म्हणाला कीं, सर्वांत दरिद्री असे अकरा जण माझ्याकडे द्या. त्यांना जमलें नाहीं तर त्यांची भर मी घालीन. ह्यावरून बारा बारांचे वर्ग पडले आणि प्रत्येक वर्गाचा प्रमुख दर आठवड्याला घरोघर जाऊं लागला. गेला पेनीसाठीं; पण दार उघडल्यावर त्याला दिसलें घरांतील भांडण, व्यसन, दुखणें, उपासमार. वसुलीच्या ह्या फेरींतून लोकांच्या खऱ्या स्थितीची माहिती मिळते, हें पाहून वेस्ली ह्यांनीं त्या प्रमुखांनाच सभासदांच्या आत्मिक हिताचे रखवालदार केलें.

लंडनमध्यें त्यांनीं आणखी एक व्यवस्था केली. शहराचे २३ भाग पाडून प्रत्येक भागांत दोन दोन असे ४६ जण त्यांनीं आजाऱ्यांच्या भेटीसाठीं निवडले. आपल्या भागांतील प्रत्येक रोग्याला आठवड्यांतून तीन वेळां भेटावें, त्याच्या देहाची व मनाची विचारपूस करावी, आणि आठवड्याच्या शेवटीं हिशेब द्यावा, असा नियम होता. ह्या शेवटल्या अटींत यरुशलेमची तिसरी अट पुन्हा अवतरलेली दिसते.

एकोणिसाव्या शतकानें ह्या सेवेला विद्यालय दिलें. जर्मनींतील कायझर्सवेर्ट गांवीं थिओडोर फ्लीडनर ह्यांनीं १८३६ मध्यें सेविकांचें निवास व शिक्षणगृह काढलें. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांनीं १८५१ मध्यें तेथेंच तीन महिने राहून शिक्षण घेतलें. येथून शुश्रूषा हा शास्त्रशुद्ध व्यवसाय बनत गेला. मागाहून समाजसेवक आला, मानसशास्त्रज्ञ आला. रोग्यांचें ह्यांत अपार हित झालें. पण ह्या प्रगतीबरोबर एक समजूतहि रूढ झाली. दुःख हा तज्ज्ञाचा विषय आहे, आपण त्यांत पडूं नये, असें म्हणून शेजारी मागें सरला.

विसाव्या शतकांत अँटन बॉइसन नांवाच्या एका अमेरिकन धर्मोपदेशकानें ह्या दोन जगांच्या मध्यें पूल बांधला. ह्या गृहस्थांना १९२० मध्यें स्वतःलाच मनोरुग्णालयांत राहावें लागलें होतें. बरे झाल्यावर ते मॅसॅच्युसेट्समधील वुस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयांत धर्मोपदेशक झाले आणि १९२५ च्या उन्हाळ्यांत त्यांनीं धर्मशास्त्राच्या चार विद्यार्थ्यांना तेथें शिकावयास बोलाविलें. ग्रंथ वाचतों तसा दुःखी मनुष्य वाचावयास शिकलें पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. पुढें हें शिक्षण अमेरिकेंत सर्वत्र पसरलें. मात्र तें मिळालें तें भावी पाळकांना. मंडळींतील इतर माणसें होतीं तेथेंच राहिलीं.

ह्याचा परिणाम आंकड्यांत दिसतो. मानसिक स्वास्थ्याविषयीं अमेरिकेंत १९५७ मध्यें एक देशव्यापी पाहणी झाली व १९६० मध्यें ती प्रसिद्ध झाली. वैयक्तिक अडचणींत ज्यांनीं कोणाची मदत मागितली, त्यांपैकीं शेंकडा ४२ जण धर्मोपदेशकाकडे गेले होते आणि शेंकडा २९ जण डॉक्टरांकडे. मनोवैद्याकडे व मानसशास्त्रज्ञाकडे जाणारे ह्याहून बरेच थोडे होते. संकटांत माणूस पहिलें दार ठोठावतो तें ओळखीचें. पण त्या दारामागें एकच पाळक, आणि त्याच्यावर शेंकडों कुटुंबांचा भार.

ह्याच सुमारास लंडनमध्यें एक विलक्षण अनुभव आला. चॅड व्हारा हे एक इंग्रज धर्मोपदेशक. तरुणपणीं, १९३५ मध्यें, एका चौदा वर्षांच्या मुलीचा अंत्यविधि करण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला होता. शरीरांतील एका स्वाभाविक बदलाला ती रोग समजली, विचारावयास कोणी नव्हतें, आणि तिनें आपला जीव दिला. ही गोष्ट व्हारा ह्यांच्या मनांतून गेली नाहीं. १९५३ च्या नोव्हेंबरांत त्यांनीं आपल्या उपासनामंदिरांत एक दूरध्वनि ठेवून जिवावर उदार झालेल्यांना साद घातली. लोक इतके येऊं लागले कीं, बाहेरच्या खोलींत थांबलेल्यांना चहा देण्यासाठीं स्वयंसेवक बसवावे लागले. आणि मग व्हारा ह्यांच्या लक्षांत आलें कीं, कित्येक माणसें त्या स्वयंसेवकांशीं बोलूनच हलकीं होतात व आंत न येतां समाधानानें परत जातात. पुढच्याच फेब्रुवारींत त्यांनीं ऐकण्याचें काम स्वयंसेवकांच्या हातीं सोंपविलें. 'समॅरिटन्स' ही पुढें धर्मनिरपेक्ष रूपानें वाढलेली संस्था ती हीच. व्हारा ह्यांचें उपासनामंदिर होतें सेंट स्टीफन वॉलब्रुक. म्हणजे येथेंहि नांव स्तेफनचेंच, हा योगायोग नमूद करण्यासारखा आहे.

सेंट लुइस येथें हाउक ह्यांनीं जें केलें त्याचें महत्त्व ह्या पार्श्वभूमीवर समजतें. सामान्य माणसानें दुःखिताकडे जावें, हा विचार नवा नव्हता. जाण्यापूर्वीं त्याला काय शिकवावें आणि गेल्यानंतर त्याला कसें सांभाळावें, ह्याचा त्यांनीं तपशीलवार अभ्यासक्रम बांधला. हें शिक्षण सुमारें ५० तासांचें असतें. त्यांत प्रथम येतें ऐकणें. मग दुसऱ्याच्या भावना ओळखणें, मृत्युशोक, असाध्य आजार, वार्धक्य, घटस्फोट, विषण्णता, आत्मघाताची इच्छा, असे एकेक विषय घेतले जातात. शिक्षण झाल्यावर एका सेवकाला एकच दुःखित नेमून दिला जातो. पुरुषाकडे पुरुष व स्त्रीकडे स्त्री. सिरियांतील त्या जुन्या ग्रंथाचा विवेक येथें पुन्हा दिसतो. भेट साधारणपणें आठवड्यांतून एकदां, तासाभराची. आणि गरज असेल तोंवर ती चालूं राहते.

ह्या अभ्यासक्रमाचा मोठा भाग काय करूं नये हें शिकविण्यांत जातो. उपदेश करूं नये. 'सर्व कांहीं ठीक होईल' असें भलतेंच आश्वासन देऊं नये. आपल्या दुःखाची कथा मध्यें आणूं नये. समोरचा मनुष्य गप्प बसला तर ती शांतता भरून काढण्याची घाई करूं नये. प्रार्थना व धर्मवचन हीं ह्या सेवेचीं साधनें आहेतच, कारण ती ख्रिस्ती श्रद्धेंतून निघाली आहे. पण त्यांचा उपयोग समोरच्याची गरज व तयारी पाहून करावयाचा, बोलणें आटोपतें घेण्याचा उपाय म्हणून नव्हे. बरें करणें देवाच्या हातीं आहे, सेवकानें सोबत करावी, ह्या तत्त्वावर सर्व शिक्षण उभारलेलें आहे. परिणामाचा भार असा उतरवून ठेवल्यामुळें सेवकाला समोरच्याचें म्हणणें धीरानें ऐकतां येतें.

देखरेखीचीहि सोय आहे. महिन्यांतून दोनदां सर्व सेवक एकत्र बसतात आणि आपापल्या कामांतील अडचणी मांडतात. परंतु ज्याची सोबत चालली आहे त्याचें नांव त्या बैठकींतहि उच्चारावयाचें नसतें. दुखणें आपल्या आवांक्याबाहेरचें आहे किंवा जिवाला धोका आहे असें दिसतांच त्या माणसाला तज्ज्ञाकडे पोंचविणें हें सेवकाचें कर्तव्य ठरविलेलें आहे. १९७५ च्या नऊ सेवकांपासून निघालेली ही पद्धति पुढें निरनिराळ्या पंथांच्या १२,००० हून अधिक मंडळ्यांत गेली, असें तिची प्रसारक संस्था सांगते.

ह्या पद्धतीवर आक्षेप घेतां येतात, आणि ते क्षुल्लक नाहींत. पहिला असा कीं, पन्नास तासांत सहृदयता कशी येणार? ती मुळांत नसेल तर अभ्यासक्रमानें येणार नाहीं, हें खरें. पण ज्याच्या ठायीं ती आहे असा मनुष्यहि संकोचानें दुरून जातो किंवा अतिउत्साहानें दुखावतो, हेंहि तितकेंच खरें. शातियोंच्या बायांच्या ठायीं करुणेची उणीव नव्हती. उणीव होती ती मांडणीची. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मंडळी म्हणजे एक लहानसें गांवच; तेथें एकमेकांना सर्व ओळखतात. आज आपलें मन ज्याच्यापाशीं उघडें केलें, तो रविवारीं शेजारच्या बांकावर बसणार. गुप्ततेचा नियम एकदां मोडला, तर दुःखिताची दुहेरी हानि होते. अलेक्झांड्रियाचा धडा येथें स्मरावा. नियम कागदावर असून भागत नाहीं. तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहणारा कोणी तरी जागा असावा लागतो. तिसरा आक्षेप असा कीं, मदतीला इतकी रीतसर चौकट घातली म्हणजे शेजारधर्माचा सहजपणा जातो. नांव नोंदवावें लागतें, सेवक नेमावा लागतो. ह्यावर इतकेंच म्हणतां येईल कीं, मोठ्या शहरांत तो सहजपणा बहुधा आधींच गेलेला असतो, आणि जेथें तो अद्याप जिवंत आहे तेथें ह्या योजनेची निकडहि कमी.

यरुशलेमच्या सात सेवकांपासून सेंट लुइसच्या नऊ सेवकांपर्यंत हा प्रवास जवळजवळ साडेएकोणीस शतकांचा आहे. त्यांत पंथ परस्परांचे वैरी होते, देश वेगळे होते, निमित्तें तर फारच वेगळीं: कोठें अन्नवाटपाची तक्रार, कोठें जास्त झालेलें जेवण, कोठें सभागृहाचें कर्ज. परंतु प्रत्येक ठिकाणीं एका अधिकारी माणसाला आपली मर्यादा कळली आणि त्यानें आपलें काम सामान्यांच्या हातीं दिलें. हें देणें सोपें नसतें. आपल्यावांचून कोणाचें अडत नाहीं, हें पाहण्याची तयारी त्यासाठीं लागते. व्हारा ह्यांना ती चहाच्या खोलीकडे पाहून करावी लागली. आणि घेणाऱ्यालाहि तें सोपें नसतें. कारण त्याच्या हातीं औषध नसतें, अधिकार नसतो, द्यावयास असतो तो आठवड्यांतील एक तास. तो तास दुसऱ्याचा आहे, त्यांत आपलें शहाणपण मिरवावयाचें नाहीं, एवढें ज्याला शिकवितां आलें, त्याला ही विद्या पुष्कळशी साधली असें म्हणावयास हरकत नाहीं.